पाटीवर ३ टन, मीटरवर अडीच : ‘एफ ॲन्ड ए १००’ म्हणजे नेमकं काय

प्रश्न जळगावच्या एका भाऊंचा आहे. एमआयडीसीत सरकीच्या तेलाचा कारखाना, पऱ्हाटीच्या ब्रिकेटवर (कपाशीच्या काड्या दाबून केलेल्या कांड्यांवर) चालणारा बॉयलर. पाटीवर लिहिलंय ‘३ टन प्रति तास, एफ ॲन्ड ए १०० अंश’. पूर्ण जाळ ठेवून, ८ किलो प्रेशरवर (दर चौरस सेंटिमीटरला ८ किलो), फीड लाइनच्या, म्हणजे बॉयलरला पाणी नेणाऱ्या पाइपच्या, मीटरवर तासाला अडीच हजार लिटरच्या वर पाणी जात नाही. फीड टाकीतलं पाणी ३२ अंशांचं. धुळ्याचा त्यांचा मित्र एक किलो ब्रिकेटला ४.६ किलो वाफ काढतो, यांना ४.२ वर थांबावं लागतं. कंपनीने अर्ध्या टनाला फसवलं का, आणि आता दुसरा बॉयलर घ्यायचाय तर कोटेशनमधल्या ‘एफ ॲन्ड ए’ आणि ‘ॲक्च्युअल’ या दोन आकड्यांपैकी कुठला धरायचा, असं त्यांनी विचारलंय.

भाऊ, आधी मन शांत करतो. या अर्ध्या टनातला बराचसा भाग कुणी खाल्लेला नाही. पाटीवरचा आकडाही बरोबर आहे आणि तुमचा मीटरही. दोघं वेगवेगळ्या वाफेबद्दल बोलतायत. थोडी तूट मात्र खरी आहे, आणि ती कंपनीकडे नसून तुमच्या बॉयलर हाउसमध्ये आहे.

‘एफ ॲन्ड ए १००’ हे ‘फ्रॉम ॲन्ड ॲट’चं छोटं रूप. बॉयलरमध्ये पाणी जातं तेच १०० अंशांचं, आणि वाफ निघते तीही १०० अंशांची, म्हणजे साध्या हवेच्या दाबाला. पाणी तापवायचं काम शून्य, फक्त उकळून वाफ करायची. एक किलो पाण्याला त्यासाठी साधारण ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. तंतोतंत पाहिलं तर ५३९, पण बॉयलर हाउसमध्ये सगळे ५४०च धरतात. म्हणून तुमच्या पाटीचा खरा अर्थ असा: ३००० गुणिले ५४०, तासाला १६ लाख २० हजार किलोकॅलरी पाण्यात घालायची या बॉयलरची ताकद आहे. ‘३ टन’ ही त्या उष्णतेचीच दुसऱ्या भाषेतली नोंद. थर्मिक फ्लुइड हीटर (पाण्याऐवजी तेल तापवणारं यंत्र) विकणारा थेट ‘१६ लाख किलोकॅलरी’ म्हणतो, बॉयलरवाला टनात सांगतो, इतकाच फरक.

आता तुम्ही म्हणाल, अशा परिस्थितीत तर कुणाचाच बॉयलर चालत नाही. खरं आहे. ० किलो प्रेशरची वाफ कुकरला, म्हणजे सरकी शिजवायच्या भांड्याला, कोण देणार? पण मुद्दाच तो आहे. प्रत्येक कारखान्याचं प्रेशर वेगळं, पाण्याचं तापमान वेगळं, मग दोन बॉयलर एकमेकांशी ताडायचे कसे? कापसाचा भाव ८ टक्के ओलावा धरून ठरतो, म्हणून सगळ्यांचा कापूस ८ टक्क्यांचाच असतो असं नाही. काट्यावर आलेल्या गाडीचा ओलावा मोजतात आणि वजावट करतात. एफ ॲन्ड ए तसाच पाया आहे, वजावट तुमची तुम्ही करायची.

पद्धत जुनी आहे. १८७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बॉयलरांच्या चाचण्या झाल्या. तिथे एक ‘बॉयलर हॉर्सपॉवर’ म्हणजे १०० फॅरेनहाइटच्या पाण्यापासून ७० पौंड दाबाची ३० पौंड वाफ तासाला, असं ठरलं. पुढे तिथल्या इंजिनिअर लोकांनी तीच उष्णता २१२ फॅरेनहाइटच्या पायावर आणली, तेव्हा ३४.५ पौंड हा आकडा आला. २१२ फॅरेनहाइट म्हणजे आपले १०० अंश. उष्णता तीच, पण वाफेचा आकडा ३० वरून ३४.५ झाला. तुमच्या ३ टन आणि अडीच टनाचं भांडण तेव्हाच सुटलेलं आहे म्हणा ना.

तुमच्याच आकड्यांवर येऊ. ८ किलो प्रेशरच्या कोरड्या वाफेत एकूण उष्णता असते किलोला ६६२ किलोकॅलरी. तुमचं पाणी ३२ अंशांचं, म्हणजे त्यात ३२ किलोकॅलरी आधीच आहेत. उरलेल्या ६३० बॉयलरने द्यायच्या. पाटीच्या हिशोबात किलोमागे फक्त ५४० द्यायच्या होत्या. ५४० भागिले ६३०, ०.८५७. त्याने ३००० ला गुणलं की २५७१ किलो. पूर्ण तंदुरुस्त असतानाही तुमचा ‘३ टनी’ बॉयलर ३२ अंशांच्या पाण्यावर २५७१ किलोच्या वर वाफ देऊ शकत नाही. पावणेतीन टनाची अपेक्षा कुणी लावली असेल तर ती आधी सोडा.

हाच गुणाकार उलटा केला, ६३० भागिले ५४०, तर १.१६७ येतो. याला फॅक्टर ऑफ इव्हॅपोरेशन म्हणतात. मोजलेल्या वाफेला त्याने गुणलं की एफ ॲन्ड ए आकडा मिळतो.

इथे एक गैरसमज मला जवळपास प्रत्येक ठिकाणी भेटतो. वाफ कमी पडली की मालक म्हणतो, “प्रेशर कमी कर, वाफ जास्त निघेल.” चोर सोडून संन्याशाला फाशी. ७ किलोच्या वाफेत ६६१ किलोकॅलरी, १० किलोच्या वाफेत ६६४. फरक तीनचा. अर्धा टक्कासुद्धा नाही. उलट १०.५ किलोसाठी बनवलेला बॉयलर ४ किलोवर चालवला तर वाफेचं आकारमान ८ किलोच्या तुलनेत पावणेदोन पट होतं, ड्रममधून ती त्याच वाटेने तितक्याच जोरात बाहेर पडते आणि सोबत पाणी ओढून नेते. मग कुकरमध्ये ओली वाफ, ट्रॅपवर (वाफेच्या लाइनमधलं पाणी बाहेर काढणाऱ्या व्हॉल्ववर) ताण, लाइनमध्ये धाडधाड आवाज.

प्रेशरचा असर नाममात्र, पाण्याच्या तापमानाचा मात्र सरळ खिशाला. ८ किलोवरच, टाकीत ६० अंशांचं पाणी असेल तर ५४० भागिले ६०२, वाफ २६९१ किलो. ८५ अंशांचं असेल तर ५४० भागिले ५७७, वाफ २८०८ किलो. बॉयलर तोच, जाळ तोच, ब्रिकेट तेवढीच, आणि वाफ तासाला दोनशे सदतीस किलो जास्त. फीडचं पाणी सहा अंशांनी वाढलं की इंधन एक टक्का वाचतं, हा जुन्या बॉयलरवाल्यांचा ठोकताळा याच भागाकारातून आलाय. आपल्याकडे मे महिन्यात छतावरची टाकी ऊन खाऊन तशीच कोमट असते, तेव्हा बॉयलर ‘बरा चालतो’ आणि डिसेंबरच्या थंडीत ‘दमतो’. अटेंडंट हवामानाला दोष देतो तेव्हा तो अगदीच चुकीचं बोलत नसतो.

आता धुळ्याच्या मित्राचं. त्याचं ४.६ आणि तुमचं ४.२ ऐकून त्याचा बॉयलर भारी वाटतो. त्याला एकच गोष्ट विचारा, फीड टाकीत थर्मामीटर किती दाखवतो? माझा अंदाज ८५ च्या आसपास. तसं असेल तर एफ ॲन्ड ए काढा. तुमचे ४.२ गुणिले ६३० भागिले ५४०, येतात ४.९. त्याचे ४.६ गुणिले ५७७ भागिले ५४०, येतात ४.९. ब्रिकेटमधली उष्णता पाण्यात घालण्यात दोघंही सारखेच हुशार आहात. तो फक्त कंडेन्सेट, म्हणजे वापरलेली वाफ निवून झालेलं गरम पाणी, परत आणतो आणि तुम्ही ते गटारात सोडता. दोन कारखान्यांची तुलना एफ ॲन्ड ए वर आणल्याशिवाय करूच नये. मीटिंगमध्ये कुणी नुसता ‘आमचा रेशो अमुक’ म्हणाला तर त्यावर मान डोलवायची गरज नाही.

अडीच हजार लिटरच्या मीटरकडे वळतो, कारण खरी तूट तिथेच कळते. सगळ्यात आधी मीटर कुठे बसवलाय ते पाहा. तुम्ही फीड लाइनवर म्हणताय, म्हणजे ठीक. बऱ्याच ठिकाणी तो सॉफ्टनरच्या (जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी असतो. तिथे फक्त नवीन पाणी मोजलं जातं, परत येणारं कंडेन्सेट मोजलंच जात नाही, आणि मग बॉयलर कागदावर आणखी आजारी दिसतो. दुसरं, मीटर लिटर मोजतो, किलो नाही. ३२ अंशांच्या पाण्यात फरक अर्ध्या टक्क्याचा, २५०० लिटरचे २४८८ किलो. पण उद्या ८५ अंशांचं पाणी द्यायला लागलात की लिटरमागे वजन ९६८ ग्रॅमवर येतं. तीन टक्के वजा केले नाहीत तर सुधारणा आहे त्यापेक्षा मोठी दिसेल.

तिसरं म्हणजे ब्लोडाऊन, क्षार साठू नयेत म्हणून बॉयलरमधलं थोडं पाणी मुद्दाम सोडणं. मीटरमधून गेलेलं सगळं पाणी वाफ होत नाही. तुमच्या बोअरचं पाणी जड आहे. तापीकाठच्या पट्ट्यात ते बहुतेकांचं असतंच. सॉफ्टनर लावला म्हणजे सुटलो असं अनेकांना वाटतं, पण सॉफ्टनर फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम देतो. पाण्यातले एकूण विरघळलेले क्षार, टीडीएस, तेवढेच राहतात. फीडचा टीडीएस ३०० आणि बॉयलरमध्ये ३५०० पर्यंत जाऊ द्यायचा, तर ३०० भागिले ३२००, म्हणजे वाफेच्या नऊ-साडेनऊ टक्के पाणी सोडावंच लागतं. तुमचा अटेंडंट दर पाळीला किती सेकंद व्हॉल्व उघडतो हे तुम्ही लिहिलं नाही, मी कमी धरून तासाला शंभर किलो पकडतो.

मग हिशोब असा बसतो. २४८८ मधून शंभर गेले की साधारण २३९० किलो वाफ. गुणिले ६३०, पंधरा लाख सहा हजार. ब्लोडाऊनचं पाणी १७५ अंशांपर्यंत तापूनच बाहेर जातं, त्याचे किलोमागे १४५ म्हणजे साडेचौदा हजार. बेरीज पंधरा लाख वीस हजार किलोकॅलरी. याला ५४० ने भागा, २८१५ किलो. तर तुमचा बॉयलर आज एफ ॲन्ड ए पायावर २.८ टन चालतोय, पाटीच्या ९४ टक्के. फसवणूक म्हणायला अर्धा टन होता, त्यातला उरला पावणेदोनशे-दोनशे किलो.

तो कुठे गेला, याची चौकशी एका दिवसाची आहे. चिमणीच्या तोंडाशी जाणाऱ्या धुराचं तापमान बघा. ट्यूब साफ केल्या त्या दिवशी जे होतं त्यापेक्षा वीस-बावीस अंश चढलं की एक टक्का गेला. चाळीस-पन्नास चढलं असेल तर ट्यूबांना आतून ब्रश मारायची वेळ कधीच होऊन गेली. पऱ्हाटीच्या ब्रिकेटची राख हलकी असते, ट्यूबांत चिकटून बसते, लाकडाच्या बॉयलरच्या वेळापत्रकाने सफाई केली तर पुरत नाही. ब्रिकेट उघड्यावर पडल्यात का तेही पाहा. पावसाळ्यानंतर ओल धरलेली ब्रिकेट हातात मोडली की भुसभुशीत सुटते, कोरडी खटकन तुटते. ओलावा उडवायला लागणारी उष्णता तुमच्या वाफेतूनच कापली जाते, आणि भट्टीत जाळ दिसायला मोठा असला तरी पिवळट, सुस्त असतो. समोरच्या दाराची फट बुजवणारी दोरी जळून गेली असेल तर आयडी फॅन (धूर चिमणीकडे ओढणारा पंखा) तिथून फुकटची हवा ओढतो. आणि पाण्याच्या बाजूने क्षारांची खपली असेल तर ती ॲन्युअल इन्स्पेक्शनला बॉयलर उघडेल तेव्हा स्वतःच दिसेल.

चाचणी करायची तर नीट करा. सुरुवातीला ब्लोडाऊन उरकून व्हॉल्व बंद. गेज ग्लासमधली पातळी खडूने खूण करून ठेवा आणि चाचणी संपताना ती बरोबर त्याच खुणेवर, त्याच प्रेशरला आणा. मधले चार तास जाळ सारखा. दर अर्ध्या तासाला मीटर, टाकीचं तापमान, प्रेशर आणि धुराचं तापमान वहीत. ब्रिकेट पोत्यांवर मोजू नका, काट्यावर वजन करा. तासाभराच्या चाचणीवर विश्वास ठेवू नये, कारण गेज ग्लासमध्ये बोटभर पातळी इकडेतिकडे झाली तरी बॉयलरमध्ये पाण्याचा मोठा आकडा बदलतो.

आणि मीटर अचानक २७००-२८०० दाखवायला लागला तर लगेच पेढे वाटू नका. प्रायमिंग होत असेल, म्हणजे वाफेसोबत पाण्याचे थेंब उडून जात असतील, तर मीटर खुशीत पळतो. ८ किलोच्या वाफेत पाच टक्के पाणी असेल तर किलोमागे २४ किलोकॅलरी कमी लागतात, मीटरवर वाफ ‘वाढते’, आणि कुकर मात्र तापत नाही. तुमच्याकडे तेल आहे, म्हणून ही भीती जास्त. कुठल्या जॅकेटला (भांड्याभोवतीच्या वाफेच्या कवचाला) किंवा कॉइलला बारीक छिद्र पडलं आणि कंडेन्सेटमधून तेल बॉयलरमध्ये आलं, की पाणी साबणासारखं फेसाळतं. गेज ग्लासमधली पातळी खालीवर नाचू लागते.

तरीही कंडेन्सेट परत आणाच. वाफेतल्या ६६२ पैकी जॅकेटला फक्त ४८५ मिळतात. उरलेल्या १७७ किलोकॅलरी ट्रॅपमधून बाहेर पडणाऱ्या गरम पाण्यात असतात. त्यातली काही फ्लॅश होऊन उडते, पण जे उरतं ते टाकीत आणलं तर ३२ चे ८० सहज होतात, आणि ब्लोडाऊनही कमी होतो, कारण कंडेन्सेटमध्ये क्षार जवळपास नसतात. ज्या लाइनमध्ये तेल किंवा सॉल्व्हंट यायची शक्यता आहे ती वेगळी ठेवा. तिची उष्णता प्लेट हीट एक्स्चेंजरमधून घ्या, पाणी नको. एक अडचण आधीच सांगून ठेवतो. ८० च्या वरचं पाणी जमिनीवरच्या टाकीतून पंप ओढत नाही, खडखड करतो आणि फीड तुटतो. टाकी पंपाच्या तीन-साडेतीन मीटर वर चढवावी लागेल. तो खर्च काढून बसा, नाहीतर आठवड्याभरात अटेंडंट कंटाळून गरम पाणी पुन्हा गटारात सोडेल.

ही संज्ञा कुठे वापरायची नाही, तेही सांगतो, कारण लोक ती सगळीकडे लावतात. औष्णिक वीज केंद्रातलं २१० मेगावॅटचं युनिट घ्या. त्याचा बॉयलर तासाला ७०० टनांच्या आसपास वाफ देतो, पण ती ५४० अंशांपर्यंत सुपरहीट केलेली, आणि पाणीही हीटरांमधून खूप तापून येतं. तिथे कुणी एफ ॲन्ड ए बोलत नाही, अमुक दाब-तापमानाला अमुक टन असंच बोलतात. साखर कारखान्यांच्या बगॅसवरच्या मोठ्या बॉयलरांचंही तसंच. एफ ॲन्ड ए ही आपल्या दूध डेअरी, तेल, डाईंग अशा ठिकाणच्या लहान, सॅच्युरेटेड (उकळबिंदूच्या वर न तापवलेल्या) वाफेच्या बॉयलरांची भाषा. सरकारी नोंदीत बॉयलरचं रेटिंग हीटिंग सरफेसवर (पाण्याला उष्णता देणाऱ्या पृष्ठभागावर), चौरस मीटरमध्ये असतं.

आता नव्या बॉयलरच्या कोटेशनचं. तुमच्याकडे दोन आहेत, एक ‘४ टन एफ ॲन्ड ए’ आणि दुसरा ‘३.५ टन ॲक्च्युअल’, दोन्ही १०.५ किलोचे. पहिल्यात संदिग्ध काही नाही, उष्णता एकवीस लाख साठ हजार. दुसरा आकडा मात्र पाण्याचं तापमान लिहिल्याशिवाय निरर्थक आहे. त्याने मनात ३० अंशांचं पाणी धरलं असेल तर ३५०० गुणिले ६३४ भागिले ५४०, म्हणजे ४.१ टन एफ ॲन्ड ए, पहिल्यापेक्षा मोठा बॉयलर. आणि ८५ अंशांचं धरलं असेल तर ५७९ ने गुणून ३.७५ टन, पहिल्यापेक्षा लहान. सेल्समन बहुतेक वेळा फोनवर ‘तेच ते भाऊ, काही फरक नाही’ म्हणेल. ऐकू नका, लेखी मागा.

दोघांकडूनही एकाच पानावर लिहून घ्या: एफ ॲन्ड ए १०० अंशांना किती, ८ किलो आणि ६० अंशांच्या फीडला किती, वाफेचा कोरडेपणा किती, ब्रिकेटची जीसीव्ही (किलोमागची उष्णता) आणि ओलावा किती धरलाय, आणि या आकड्यांवर चाचणी तुमच्या जागेवर होईल का. शेवटच्या ओळीवर जो अडखळेल त्याचा भाव आधी बाजूला ठेवा. बाकी तुमची गरज आधी किलोकॅलरीत काढा: कुकर, डीटी (पेंडीतलं सॉल्व्हंट उडवणारं यंत्र) आणि रिफायनरी एकाच वेळी सुरू करताना तासाला किती लागतात. ती आहे त्या बॉयलरच्या ताकदीच्या, सोळा लाखांच्या, वर जात नसेल, आणि कंडेन्सेटचं काम दिवाळीच्या आत होणार असेल, तर माझ्या मते नवा ४ टनी घ्यायच्या आधी आहे त्याच बॉयलरवर एक सीझन ८० अंशांचं पाणी देऊन पाहावं. चाचणीची वही पाठवलीत तर आकडे मी तपासून देईन.